मॅझिनीचीं पत्रें

इटलीच्या स्वातंत्र्यासाठीं झटणारा मॅझिनी लंडनांत आश्रयास राहिला होता. आपलीं पत्रें वाटेंत उघडलीं जातात, असा संशय त्यास १८४४ सालीं आला. पत्रांच्या घडींत खसखस व वाळूचे कण घालून त्यानें खातरी करून घेतली. जून महिन्यांत थॉमस डंकोंब यांनीं त्याची तक्रार कॉमन्स सभेपुढें मांडतांच मोठा गहजब झाला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकुमानेंच पत्रें फोडलीं गेलीं व त्यांतील माहिती परकी सरकारास पोंचली, हें चौकशींत उघड झालें. परदेशी टपाल फोडणारी गुप्त कचेरी त्याच वर्षीं बंद पडली.

लोक समाधान पावले; परंतु १७११ च्या कायद्यानें मान्य केलेला हुकुमाचा अधिकार कोणीं काढून घेतला नाहीं. पुढें तोच टेलिफोनपर्यंत पोंचला. त्याच्या मर्यादा कायद्यांत स्पष्ट नाहींत, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें १९८४ सालीं मॅलोन खटल्यांत दिला, तेव्हां कोठें १९८५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें त्यासाठीं स्वतंत्र कायदा केला.

मंत्र्याची नाचक्की झाली म्हणजे नागरिकाचें रक्षण झालें, असें आम्हांस वाटत नाहीं. मंत्री जातो, न बदललेलें कलम पुढच्या मंत्र्याच्या हातीं पडतें.