लिनक्स संगणक सुरू होण्यास विलंब : कारणे आणि उपाय

विंडोज १० प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक वापरात ठेवण्यासाठी उबुंटू, डेबियन किंवा सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' या मुक्तस्रोत लिनक्स प्रणाली उपयुक्त ठरतात. असा संगणक सुरू होण्यास दोन-तीन मिनिटे लागू लागल्यास प्रणाली नव्याने बसवण्यापूर्वी कारण शोधावे. हार्ड डिस्क निकामी होत असेल, तर घाईत त्यातील माहिती कायमची गमावण्याचा धोका असतो.

मोजमाप : उबुंटूमध्ये २०१५ पासून आरंभाचे काम 'सिस्टमडी' पाहते. टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-ॲनलाइज' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिल्यास कर्नल व त्यानंतरच्या टप्प्यांना लागलेला वेळ दिसतो. तिला 'ब्लेम' जोडल्यास सेवांची वेळेनुसार यादी मिळते. मात्र अनेक सेवा एकाच वेळी सुरू होत असल्याने यादीतील पहिली सेवाच दोषी असेल असे नाही. कोणती सेवा कोणासाठी खोळंबली, हे 'क्रिटिकल-चेन' दाखवते.

नेहमीची कारणे : विलंब नेमका दीड मिनिटाचा असेल, तर 'एफएसटॅब' फाइलमध्ये काढून टाकलेल्या डिस्कची किंवा जुन्या स्वॅप विभागाची नोंद राहिलेली असण्याची शक्यता अधिक. प्रणाली त्या विभागाची ९० सेकंद वाट पाहते. फाइलची प्रत ठेवून ती नोंद दुरुस्त करावी. 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' ही सेवा जोडणी मिळेपर्यंत थांबते. नेटवर्कवरील सामायिक फोल्डर आरंभीच जोडले जात नसतील, तर घरगुती संगणकावर ती बंद करता येते.

वीजपुरवठा : सुपा धरण जोयडा तालुक्यात असले, तरी दाट जंगलातून गेलेल्या वीजवाहिन्यांना पावसाळ्यात झाडे पडण्याचा धोका राहतो. संगणक चालू असताना वीज गेल्यास पुढील आरंभी फाइल प्रणालीची तपासणी होऊ शकते. ती मध्येच थांबवू नये. लहान यूपीएसमुळे संगणक रीतसर बंद करण्याइतका अवधी मिळतो.

हार्ड डिस्क : 'जर्नलसीटीएल' नोंदींत वाचन-लेखनाच्या त्रुटी वारंवार दिसल्यास प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी, मगच 'स्मार्टसीटीएल'ने चाचणी करावी. डिस्क निरोगी असूनही संथ असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवणे हा सर्वाधिक परिणामकारक उपाय होय.