आतड्याच्या तपासण्यांमधली शुश्रूषा : प्रवेशापूर्वी चार शब्द

रुग्णालयातल्या कामांची एक न लिहिलेली उतरंड असते. हृदयाची शस्त्रक्रिया, मेंदूचे स्कॅन, अतिदक्षता विभागातली यंत्रे यांच्याविषयी ऐकायला सगळेच उत्सुक असतात. एनिमा, बेरियमची तपासणी, कोलोनोस्कोपीआधीची पोटाची सफाई असे विषय निघाले की विद्यार्थी मान खाली घालतात आणि शिकवणारेही ते घाईने उरकतात. पण ज्याच्या शौचातून रक्त जाते आहे, ज्याचे वजन विनाकारण घटते आहे, ज्या बाळाचे आतडे आतड्यातच शिरले आहे, त्या सगळ्यांच्या निदानाची वाट याच कामांमधून जाते. परिचर्येचे विद्यार्थी, क्ष-किरण तंत्रज्ञ, नुकतेच रुजू झालेले डॉक्टर आणि घरच्या माणसाला तपासणीसाठी घेऊन जाणारे नातेवाईक, अशा नव्या वाचकांचे या विषयात मनापासून स्वागत आहे.

विषय जुना आहे आणि आपल्याला परकाही नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीचा, म्हणजे आजच्या एनिमासारख्या उपचाराचा, सविस्तर विचार आहे आणि रुग्णाला डाव्या कुशीवर निजवावे असे त्यात सांगितले आहे. आजही परिचारिका एनिमा देताना रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून उजवा गुडघा पोटाकडे घ्यायला सांगते. मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग शरीराच्या डाव्या बाजूला असतो, त्यामुळे या स्थितीत द्रव सहज आत उतरतो. तपासणीचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, पण हाडांसारखे आतडे क्ष-किरणांत उठून दिसत नाही. ते दिसावे म्हणून आधी बिस्मथचे क्षार वापरले गेले आणि १९१०च्या सुमारास बेरियम सल्फेट आले. ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात शोषले जात नाही आणि क्ष-किरण अडवते. या तीन गुणांमुळे ते शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. १९२३ मध्ये फिशर या जर्मन डॉक्टरांनी बेरियमच्या पातळ थरामागे हवा भरण्याची पद्धत मांडली, आणि आतड्याच्या अस्तरावरचे छोटे उंचवटेही दिसू लागले.

वाचकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. या तपासण्यांमध्ये शुश्रूषा आणि तंत्र वेगळे काढता येत नाहीत. छातीचा एक्स-रे काढताना रुग्ण घाबरलेला असला तरी चित्र बरे येते. इथे तसे होत नाही. घाबरलेल्या रुग्णाचे आतडे आकसते, तो द्रव धरून ठेवू शकत नाही, टेबलावर वळायला सांगितले तर वळत नाही, आणि मग चित्र अपुरे येते. अपुऱ्या चित्रात गाठ हुकते. म्हणून रुग्णाशी नीट बोलणे हा इथे निदानाचाच भाग आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

पुस्तक उघडण्याआधी तुम्ही स्वतःच्या पोटावर तळहात ठेवा. उजवीकडे खाली, जांघेच्या थोडे वर, मोठे आतडे सुरू होते. तिथून हात वर बरगड्यांपर्यंत न्या, मग आडवा डावीकडे, मग खाली डाव्या जांघेकडे आणि शेवटी मधोमध माकडहाडाच्या दिशेने. साधारण दीड मीटरचा हा मार्ग एकदा हाताला कळला की रुग्णाला कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पालथे का वळवतात हे पाठ करावे लागत नाही. द्रव उताराकडे जातो आणि हवा वर चढते, एवढ्यावर ती सगळी हालचाल आधारलेली आहे.

आता तयारीविषयी थोडे सविस्तर, कारण बहुतेक तपासण्या इथेच बिघडतात. आतड्यात मळ राहिला तर तो गाठीसारखा दिसतो किंवा खरी गाठ झाकतो. म्हणून एक-दोन दिवस कमी चोथ्याचा आहार, मग फक्त गाळीव पातळ पदार्थ आणि त्यासोबत जुलाबाचे औषध असा क्रम असतो. आपल्याकडे रुग्णाला ‘हलका आहार घ्या’ एवढेच सांगितले जाते, आणि घरोघरी हलका आहार म्हणजे उपवासाचे पदार्थ असा अर्थ लावला जातो. साबुदाण्याच्या खिचडीतले शेंगदाण्याचे कूट आतड्याच्या भिंतीला चिकटून राहते. मोड आलेली मटकी, पालेभाजी, तिळाची चटणी, टोमॅटोच्या आणि पेरूच्या बिया यांचेही तसेच. त्याऐवजी ‘मऊ भात, वरणावरचे पाणी, नारळपाणी, गाळलेले लिंबूसरबत चालेल, शेंगदाणे, भाजी, फळे नकोत’ असे पदार्थांची नावे घेऊन सांगावे. रुग्ण लोहाच्या गोळ्या घेत असेल तर कोलोनोस्कोपीआधी काही दिवस त्या थांबवाव्या लागतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. हा प्रश्न विचारायचा राहून जातो, विशेषतः बायकांच्या बाबतीत.

जुलाबाचे औषध दोन लिटर पाण्यात कालवून पिणे हे सोपे काम नाही. थंड करून घेतले तर ते जरा बरे लागते. निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे घेतले तर आतडे अधिक स्वच्छ होते, हे आता सर्वमान्य आहे. मधुमेहाच्या रुग्णाला सकाळची पहिली वेळ द्यावी. त्याने उपाशीपोटी नेहमीइतके इन्सुलिन घेतले तर साखर धोकादायक खाली जाते, म्हणून औषधाची मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. म्हाताऱ्या माणसाला रात्रीत आठ-दहा वेळा उठावे लागते. घरात शौचालयापर्यंतचा दिवा लावून ठेवावा आणि कोणीतरी जागे राहावे, हेही सूचनांच्या कागदावर असायला हवे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि अशक्त वृद्धाला तयार फॉस्फेट एनिमा सरसकट देऊ नये. रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून जिवावर बेतू शकते.

प्रत्यक्ष एनिमाची कृती पुस्तकात अर्ध्या पानात मावते, पण वाचकांनी तिच्यासमोर थोडे थांबावे. द्रव कोमट हवा. गार द्रवाने पोटात कळा येतात, गरम द्रवाने अस्तर भाजते. नळीच्या टोकाला भरपूर जेली लावायची आणि नळीतली हवा आधी काढून टाकायची. रुग्णाला सांगायचे, ‘काका, आता नळी लागेल, तोंडाने सावकाश श्वास घ्या,’ आणि तो श्वास सोडत असताना बेंबीच्या दिशेने नळी आत सरकवायची. मोठ्या माणसात सात ते दहा सेंटिमीटर पुरे. अडथळा लागला तर जोर कधीच लावायचा नाही. सफाईच्या एनिमाचे भांडे गुदद्वारापासून तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर उंचावर असते. रुग्ण कळवळला तर भांडे खाली घ्यायचे किंवा नळी चिमटायची, थोडे थांबायचे आणि मग पुढे जायचे. अनुभवी सिस्टर या वेळी भांड्याकडे पाहत नाही, तिची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, नाडी मंद झाली की ती तिथेच थांबते.

बेरियमच्या तपासणीत यात अंधारी खोली, कडक टेबल, हलणारे यंत्र आणि अनोळखी माणसे यांची भर पडते. नळीला फुगा असेल तर तो स्क्रीनवर पाहत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच फुगवायचा. गुदाशय आधीच सुजलेला असेल तर तो फाटण्याची भीती असते. आतडे फुटल्याची शंका असेल तर बेरियम वापरायचेच नाही, पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त औषध वापरायचे, कारण बेरियम उदरपोकळीत सांडले तर भयंकर दाह होतो. रबराच्या फुग्याचीही एक कथा आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेरियम एनिमाच्या वेळी काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होऊन मृत्यू आले. दोष बेरियमचा वाटत होता, निघाला नळीवरच्या लेटेक्स फुग्याचा. १९९१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने लेटेक्सविषयी इशारा दिला. तेव्हापासून ‘फुगे फुगवताना किंवा रबरी हातमोज्यांनी कधी अंगावर पित्त उठले आहे का?’ हा साधा प्रश्न आपल्या कामाचा भाग झाला आहे.

लाजेविषयी मला विशेष सांगायचे आहे. आपल्या समाजात शौचाचा विषय घरातल्या माणसांशीही आडून बोलला जातो. खेड्यातून आलेल्या आजींना पाठीमागून उघडा गाऊन घालून अनोळखी तंत्रज्ञासमोर कुशीवर झोपायला सांगणे म्हणजे काय, याचा विचार करूनच खोलीचे दार उघडावे. चादर कमरेपर्यंत राहू द्यावी आणि हवी तेवढीच बाजूला सारावी. स्त्री रुग्णासोबत स्त्री कर्मचारी असावी. खोलीत उगाच कोणी ये-जा करू नये. रुग्णाला द्रव धरवला नाही आणि टेबल खराब झाले, तर ‘होतं असं, काळजी करू नका’ एवढे म्हणून मावशींसोबत तुम्हीही हात लावावा. शौचालय खोलीला लागूनच असावे आणि ते रिकामे आहे याची खात्री आधीच करून घ्यावी. ही सौजन्याची बाब म्हणून सोडून देऊ नका. लाजेपोटी अर्ध्यावर उठून गेलेला रुग्ण पुन्हा येत नाही, आणि त्याचा कर्करोग वर्षभराने पुढच्या टप्प्यात सापडतो.

या क्षेत्राचा अभिमान वाटावा असा एक प्रसंग लहान मुलांच्या विभागात घडतो. सहा-आठ महिन्यांचे बाळ थांबून थांबून किंचाळते, पाय पोटाशी घेते, उलट्या करते, आणि मग शौचातून रक्तमिश्रित आव पडते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो. हिर्शस्प्रुंग या डॅनिश डॉक्टरांनी १८७६ मध्येच पाण्याच्या दाबाने असे आतडे मागे सरकवण्याचे अनुभव प्रसिद्ध केले होते. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, एनिमाच्या नळीतून कोमट सलाइन सोडून तेच केले जाते. बाळाला आधी शिरेतून द्रव दिलेले असतात आणि शल्यचिकित्सक तयारीत असतात. आतडे फुटल्याची किंवा बाळ अत्यवस्थ असल्याची चिन्हे असली तर हा प्रयत्न करायचाच नाही. बाकीच्या बहुतेक बाळांमध्ये तो यशस्वी होतो आणि पोट उघडण्याची शस्त्रक्रिया टळते. सलाइन दोन्ही आतड्यांमधल्या झडपेतून लहान आतड्यात शिरताना पडद्यावर दिसते, तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. बाहेर बसलेल्या आईला लगेच जाऊन सांगावे, आणि पहिले एक-दोन दिवस पुन्हा तसे रडणे सुरू झाले तर लगेच कळवा, हेही सांगावे, कारण सुमारे दहापैकी एका बाळात ते पुन्हा होते.

मोठ्या शहरांत बेरियम एनिमा आता कमी झाला आहे. कोलोनोस्कोपी आणि सीटी कोलोनोग्राफी यांनी त्याची जागा बरीचशी घेतली. सीटीत आतडे कार्बन डायऑक्साइडने फुगवले तर तो वायू लवकर शोषला जातो आणि नंतरची पोटदुखी साध्या हवेपेक्षा कमी असते. तरी शौचमार्ग पोटावर काढलेल्या रुग्णांमध्ये तो बंद करण्याआधी खालच्या आतड्याचे चित्र लागतेच, आणि जन्मजात आतड्याच्या दोषांसाठी बाळांमध्येही नळीतूनच औषध सोडावे लागते. यंत्र बदलले तरी डाव्या कुशीवर झोपलेला माणूस तोच राहतो.

तपासणी संपली की काम संपले असे समजू नये. बेरियम झालेल्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, नाहीतर ते आतड्यात घट्ट होऊन बसते. एक-दोन दिवस शौच पांढरे होईल हे आधीच सांगितले नाही, तर रुग्ण घाबरून रात्री परत येतो. पोट फुगले, ताप आला, शौचच झाले नाही तर यायला हवे, हे मात्र ठसवून सांगावे.

वाचकांना एक विनंती आहे. पुष्कळ ठिकाणी रुग्णाच्या हाती पडणारा सूचनांचा कागद अजून इंग्रजीतच असतो. तुम्ही ज्या विभागात शिकता किंवा काम करता, तिथल्या तपासणीसाठी साध्या मराठीत पानभर सूचना लिहून काढा. छापण्याआधी त्या दोन-तीन रुग्णांना आणि वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा, आणि त्यांना जिथे अडेल ते वाक्य बदला.