सुवाळी ते सुरत : उतारूंच्या दोन वाटा

अलीकडे आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे समुद्रसहलीला जाऊ लागली आहेत. मुंबईला जहाजात बसावे, मुरगाव किंवा कोचीला उतरून चार घटका गाव पाहावे आणि पुन्हा जहाजावर यावे, असा हा प्रवास असतो. जहाज बहुधा सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या सात-आठ तासांचे काय करायचे, याला दोन उत्तरे आहेत. जहाजकंपनीने आखलेली सहल विकत घ्यावी, वातानुकूलित गाडीत बसावे आणि वाटाड्या दाखवील ते पाहावे, हे एक. बंदराच्या दरवाजाबाहेर पडून गावकऱ्यांच्याच बसने, आगगाडीने किंवा तरीने आपले आपण जावे, हे दुसरे. पहिली वाट निर्धास्त आणि महाग आहे. दुसरी स्वस्त, पण स्वतःच्या जबाबदारीची आहे. हा प्रश्न अगदी आजचा वाटतो. आपल्या सुरतेच्या वेशीवर मात्र तो चारशे वर्षांपूर्वीच उभा होता, आणि त्याची दोन्ही उत्तरे देणारी माणसे येथे येऊन गेली आहेत.

सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर खरे. पण मोठी गलबते शहरापर्यंत क्वचितच येत. तापीच्या मुखाशी गाळ साचलेला असल्याने खोल बुडाची जहाजे नदीबाहेरच थांबत आणि नदीमुखाच्या उत्तरेस सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत. तेथे समुद्रातील वाळूचा बांध लाटा अडवतो आणि आत शांत पाण्याची पट्टी राहते. १६१२ च्या नोव्हेंबरात कप्तान थॉमस बेस्टने पोर्तुगीजांशी झुंज दिली ती याच पाण्यात, आणि त्यानंतर इंग्रजांचा सुरतेत जम बसला. सुवाळी ते सुरत हे अंतर सुमारे वीस किलोमीटर. त्यातही सुवाळी तापीच्या उत्तर तीरावर आणि शहर दक्षिण तीरावर. म्हणजे जहाजातून उतरलेल्या माणसाला आधी वाळू तुडवायची, मग बैलगाडीने नदीपर्यंत यायचे, तरीने तापी ओलांडायची आणि किल्ल्याजवळच्या जकातघरात झडती देऊन गावात शिरायचे, एवढे दिव्य करावे लागे. सुरतेच्या जकातघराची झडती इतकी कडक असे, की त्या काळच्या बहुतेक प्रवाशांनी तिच्याविषयी कुरकुर केली आहे.

या वाटेने सरकारी इतमामाने आलेला सर्वांत नामांकित उतारू म्हणजे इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो. तो सप्टेंबर १६१५ मध्ये सुवाळीला उतरला. आपण वकील आहोत, आपली व आपल्या माणसांची झडती होता कामा नये, असा त्याचा हट्ट. आणि जकातीच्या अधिकाऱ्यांचा नियम सर्वांना सारखा. या मानापमानात सुमारे महिना गेला. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस तो सुरतेहून बऱ्हाणपूरच्या वाटेला लागला. रोची रोजनिशी हा इतिहासाचा अमोल ठेवा आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यातील सुरत ही प्रामुख्याने सुभेदार, नजराणे, निरोप आणि रुसवेफुगवे यांची सुरत आहे. रो दुभाष्याच्या मदतीवाचून येथील कोणाशी बोलू शकत नव्हता, आणि त्याच्या पदाला शोभेल अशाच माणसांशी त्याची गाठ पडत होती.

त्याच वर्षी हिंदुस्थानात आणखी एक इंग्रज आला होता. त्याचे नाव थॉमस कोर्यट. त्याच्यापाशी ना पद होते, ना पैसा. अलेप्पोहून निघून इराणमार्गे अजमेरपर्यंत तो पायी आला. वाटेत तो काफिल्यांबरोबर चालला. काफिला म्हणजे त्या काळची सार्वजनिक वाहतूकच. कोणीही यावे, सोबत धरावी आणि आपला खर्च आपण करावा. अलेप्पो ते मोगल दरबार या दहा महिन्यांच्या प्रवासात आपले अवघे तीन पौंड खर्च झाले, असे त्याने घरी पाठवलेल्या पत्रात अभिमानाने लिहिले आहे. चालता चालता तो भाषा शिकला. तुर्की, अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी या भाषांत त्याला व्यवहार करता येऊ लागला. पुढे त्याने जहांगीर बादशहासमोर फारसीत भाषण करून शंभर रुपयांचे बक्षीस मिळवले, तेव्हा रो त्याच्यावर रागावला. आपल्या देशाच्या माणसाने असे हात पसरावे, हे वकिलाला लाजिरवाणे वाटले. कोर्यटला त्यात काही गैर दिसले नाही.

डिसेंबर १६१७ मध्ये कोर्यट सुरतेत आला. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याचे स्वागत मद्याने केले. त्याला आधीच हगवण लागलेली होती, ती वाढली आणि त्यातच तो येथे वारला. सुवाळीच्या परिसरात राजगरी येथे एक घुमटी त्याची म्हणून दाखवतात. ती त्याचीच आहे असे सिद्ध झालेले नाही. हजारो मैल चाललेल्या या माणसाची बहुतेक टिपणे नाहीशी झाली. काही पत्रे आणि थोडी टाचणे तेवढी उरली. रोची रोजनिशी राहिली, कारण तिच्यामागे कंपनी होती आणि राजदरबार होता. कोर्यटच्या कागदांना वाली नव्हता. सामान्य वाटेने गेलेल्यांचे अनुभव इतिहासात कमी का सापडतात, याचे एक कारण येथे दिसते. ते अनुभव थोडे नव्हते; ते जपणारे कोणी नव्हते.

कोठीच्या पाहुणचाराचे दुसरे उदाहरण जर्मन तरुण मँडेल्स्लो याचे. तो १६३८ च्या एप्रिलमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, येथे आला. परतीचे जहाज आता पावसाळा सरल्यावरच मिळणार, म्हणून त्याला थांबणे भाग होते. अखेर १६३९ च्या जानेवारीत त्याने हा किनारा सोडला. आज जहाज चुकले तर पुढच्या बंदरापर्यंत विमानाने जाता येते. तेव्हा वाऱ्याचा हंगाम चुकला की महिनेच्या महिने वाट पाहावी लागे. सुरतेत इंग्रजांचा अध्यक्ष मेथवोल्ड याने त्याला कोठीत ठेवून घेतले. मँडेल्स्लोच्या ग्रंथात कोठीतील दिनक्रम फार तपशिलाने आला आहे. रोजच्या प्रार्थना, एकत्र भोजन, शुक्रवारची बैठक, बागेतील फेरफटका हे सारे त्यात आहे. वाचताना मजा वाटते. पण ही सुरत नव्हे, सुरतेत बसवलेले छोटे इंग्लंड आहे. याउलट १६२३ मध्ये आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देला व्हाले हा डचांचा पाहुणा असूनही गावाबाहेर हिंडला. त्याने गोपी तलाव पाहिला, पार्वतीला वाहिलेला वड पाहिला आणि दोहोंचे वर्णन करून ठेवले. यजमान कोणीही असो, स्वतः हिंडण्याची हौस असली की माणसाला काही गवसते, हे यावरून ध्यानात येते.

भाड्याच्या वाहनांचा सर्वांत नेटका हिशेब दिला आहे तो टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने. सतराव्या शतकाच्या मध्यावर तो अनेकदा सुरतेला आला आणि येथून आग्रा व गोवळकोंड्याच्या वाटा त्याने तुडवल्या. त्याचे लेखन १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सांगतो की दोन बैलांच्या गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया पडते. सुरतेहून आग्र्याला पस्तीस ते चाळीस दिवस लागतात आणि पूर्ण प्रवासाचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये होतात, गोवळकोंड्यालाही तेवढेच. बैलांना दुपारी गव्हाच्या पिठाचे तूप-गूळ घालून मळलेले गोळे चारतात, हेही तो नोंदवतो. त्याच्या स्वतःच्या बैलजोडीला जवळजवळ सहाशे रुपये पडले होते. वाटेत बंजाऱ्यांचा दहा-बारा हजार बैलांचा तांडा आडवा आला, तर अरुंद रस्त्यावर दोन-तीन दिवसही खोळंबावे लागे.

मात्र मानाने प्रवास करायचा तर सोबत वीस-तीस हत्यारबंद प्यादे हवेत, असेही तो म्हणतो, आणि प्रत्येकी महिना चार रुपये हा त्यांचा दर देतो. आता आपण बेरीज करू. वीस प्याद्यांचे महिन्याला ऐंशी रुपये, म्हणजे चाळीस दिवसांचे शंभराहून अधिक. गाडीचे भाडे मात्र पंचेचाळीसच. म्हणजे प्रवासापेक्षा प्रवासाच्या थाटालाच दुपटीहून अधिक खर्च येत होता. त्यात संरक्षणाचा भाग होता, हे नाकारता येत नाही. वाट नेहमीच सुरक्षित नसे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची सुरतेवर स्वारी झाली, तेव्हा अँथनी स्मिथ नावाचा कंपनीचा नोकर सुवाळीहून शहराकडे येत असताना मराठ्यांच्या हाती सापडला आणि खंडणी भरून सुटला. वीस किलोमीटरची ती वाट त्या आठवड्यात कोणालाच सोपी नव्हती. आजही कंपनीच्या सहलीच्या किमतीत थोडा भाग निर्धास्तपणाचा असतो आणि बराचसा थाटाचा, एवढाच याचा मथितार्थ.

या सर्व परदेशी मंडळींपेक्षा संख्येने कितीतरी मोठा असा एक वर्ग सुरतेच्या वाटेने जात-येत होता. तो म्हणजे हजचे यात्रेकरू. त्यांच्यासाठी शहाजहानच्या कारकिर्दीत, १६४४ मध्ये, येथे सराई बांधली गेली. तीच आपल्या परिचयाची मुगलीसराई. परक्या गावात उतरलेल्या सामान्य माणसाला छप्पर, पाणी आणि सोबत मिळावी, ही तिच्यामागची कल्पना. पुढे या वास्तूचा तुरुंग झाला आणि १८६७ पासून तेथे नगरपालिकेचा कारभार आला. त्याच पालिकेच्या बसगाड्या शहरात धावतात आणि २०१४ पासून बीआरटीएसचे स्वतंत्र मार्गही झाले. उतारूंची सोय पाहण्याचे त्या वास्तूचे मूळ काम असे फिरून तिच्याकडे आले, ही गोष्ट मला मोठी समाधानाची वाटते.

आता आपल्याकडे वळू. आपले पूर्वज सुरतेला आले ते कोणाच्या सहलीतून नव्हे. काही घराणी गायकवाडांच्या आणि चौथाईच्या कारभारामागोमाग आली. पुढे आगगाडी आली. १८६० मध्ये उतराण ते अंकलेश्वर हा पहिला तुकडा सुरू झाला. तापीवर पूल होईपर्यंत त्या गाडीच्या उतारूंनाही, सुवाळीच्या उतारूंप्रमाणेच, नदी ओलांडूनच शहरात यावे लागे. १८६४ मध्ये मुंबईशी लोहमार्ग जोडला गेला, १८७७ मध्ये होप पूल झाला, आणि १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने उधन्याहून नंदुरबार, अमळनेरकडची वाट मोकळी केली. खानदेशातील कितीतरी माणसे त्या वाटेने, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, वळकटी काखेत घेऊन येथे उतरली. त्यांना सुरतेची पहिली ओळख झाली ती शेजारी बसलेल्या उतारूकडून, टांगेवाल्याकडून, धर्मशाळेच्या रखवालदाराकडून. गुजराती भाषेचे पहिले चार शब्दही त्यांना तेथेच मिळाले. कोर्यट जसा चालता चालता फारसी शिकला, तसेच हे.

म्हणून बंदरात उतरणाऱ्या आपल्या मंडळींना सुचवावेसे वाटते, की प्रकृती ठीक असेल आणि वेळ पुरेसा असेल, तर एखाद्या बंदरात तरी दुसरी वाट धरून पाहावी. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून बोरीबंदर स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मुरगावला उतरल्यावर वास्कोहून पणजीकडे जाणाऱ्या बसगाड्या मिळतात. कोचीला विलिंग्डन बेटाच्या परिसरातून फोर्ट कोचीकडे माणसे पिढ्यान्‌पिढ्या तरीने जात आली आहेत आणि २०२३ पासून त्या शहरात जलमेट्रोही सुरू झाली आहे. पथ्ये मात्र पाळावीत. जहाजावरचे घड्याळ आणि गावातले घड्याळ एकच आहे ना, हे उतरताना पाहावे. परतण्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि तिच्याआधी निदान तासभर बंदरात हजर असावे. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. आपल्या एकट्यासाठी ते थांबत नाही. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी किंवा लांबच्या स्थळी जाणाऱ्यांनी कंपनीची गाडी घेतली, तर त्यात कमीपणा नाही. टॅव्हर्निएनेही प्यादे ठेवलेच होते.

आणि एक काम घरच्या घरी करण्यासारखे आहे. आपल्या घराण्यातील पहिला माणूस सुरतेला कोणत्या वर्षी आला, कोणत्या गाडीने आला, कोठे उतरला, त्याने पहिल्या रात्री कोठे पाठ टेकली, हे ज्यांना ठाऊक आहे अशी वडील माणसे अजून काही घरांत आहेत. कोर्यटचे कागद जपणारा कोणी नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बाबतीत तसे म्हणण्याची वेळ येऊ नये. येत्या दिवाळीत कुटुंब एकत्र जमेल, तेव्हा वहीचे एक पान या माहितीसाठी काढावे, नावे आणि साले जशी आठवतील तशी उतरवून घ्यावीत आणि खाली सांगणाऱ्याची सही घ्यावी.