शेवटची जागा कोणाची?

विमानातली जागा हा माल भाजीपेक्षाही नाशवंत. उरलेली भाजी संध्याकाळी निम्म्या भावात तरी खपते. विमान उडाले की त्यातल्या रिकाम्या जागेची किंमत शून्य. उलट एकच जागा दोघांना विकली गेली, तर विमानतळावर भांडण ठरलेले. म्हणून कोणती जागा उरली आहे, हे निरनिराळ्या शहरांतल्या सगळ्या कारकुनांना एकाच वेळी आणि एकसारखे कळायला हवे.

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने सुरुवात कार्डांनी केली. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक येथील कचेरीत एका फिरत्या चौरंगावर उड्डाणांची कार्डे लावलेली असत. फोन आला की चौरंग फिरवायचा, कार्ड काढायचे, खूण करायची, परत ठेवायचे. या पद्धतीची मर्यादा अगदी साधी होती: चौरंगाभोवती मावतील तेवढेच कारकून! उड्डाणे वाढत गेली, तसे एक आरक्षण पुरे व्हायला सरासरी दीड तास लागू लागला.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये चुंबकीय ड्रमवर माहिती साठवणारे यंत्र आले. जागा शिल्लक आहे की नाही, ते आता चटकन कळे. पण यंत्राला फक्त आकडे ठाऊक. प्रवाशाचे नाव कार्डावरच राहिले, आणि दोहोंचा ताळमेळ घालण्याची कटकटही.

१९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमच्या विक्री विभागातले ब्लेअर स्मिथ शेजारी बसले. आडनाव एकच निघाले आणि गप्पा रंगल्या. हा योगायोग नेहमी चवीने सांगितला जातो. आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की आयबीएम त्या सुमारास अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेच्या संगणकांवर काम करीत होती. दूरच्या रडारांची माहिती टेलिफोनच्या तारांवरून घ्यायची आणि तत्क्षणी हाताळायची, हे तिचे काम. रडारच्या जागी तिकीट कचेरी कल्पून पाहा!

१९५९ साली कराराची घोषणा झाली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन आयबीएम ७०९० संगणक बसवले. एक बंद पडला तर दुसरा तयार. १९६४ पर्यंत कंपनीची सारी आरक्षणे ‘सेबर’ या यंत्रणेवर आली. नाव आणि जागा एकाच नोंदीत आली. दीड तासाचे काम सेकंदांवर आले.

शेवटच्या जागेचा पेच वर्गात करून पाहण्याजोगा आहे. फळ्यावर ‘शिल्लक: १’ लिहा आणि दोन मुलांना एकाच वेळी ती वाचून आपापल्या वहीत विक्री नोंदवायला सांगा. जागा दोनदा विकली जाईल. आता खडू एकच ठेवा. ज्याच्या हाती खडू त्यानेच वाचायचे, विकायचे, पुसायचे, आणि मगच खडू पुढे द्यायचा. संगणकही त्या नोंदीपुरता असाच एकाला थांबवून दुसऱ्याचे काम पुरे करतो.

पण खडूची मालकी कोणाची, हा प्रश्न पुढे आला. १९७६ पासून सेबरचे पडदे ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलांवर गेले. युनायटेड कंपनीनेही आपली ‘अपोलो’ यंत्रणा तशीच दिली. १९७८ साली अमेरिकेत विमानभाडी खुली झाली आणि चढाओढ वाढली. घाईतला एजंट बहुधा पहिल्याच पडद्यावरून उड्डाण निवडतो, आणि त्या पडद्यावर वरच्या ओळी यंत्रणेच्या मालकाच्या विमानांना मिळत. दुपारचे सोयीचे, स्वस्त उड्डाण दुसऱ्या कंपनीचे असेल तर ते खाली कुठेतरी. प्रवाशाला याचा पत्ताही नसे. सेबरच्या मालकांनी हे फारसे लपवले नाही. अमेरिकी काँग्रेसपुढे कंपनीचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी तर यंत्रणा उभारण्यामागचा हेतूच तो असल्याचे सांगितले. युक्तिवाद प्रामाणिक होता, न्याय्य मात्र आम्हाला वाटत नाही.

१९८४ साली तिथल्या नागरी विमान वाहतूक मंडळाने नियम केला: कंपनीचे नाव पाहून उड्डाणांचा क्रम लावायचा नाही. पुढे विमान कंपन्यांनी या यंत्रणांची मालकी सोडली; सेबर २००० साली वेगळी झाली. २००४ साली अमेरिकेने तो नियमही मागे घेतला.