पुनःसंस्करण, नेमबाजीच्या व्हिडिओ खेळांचे

जुन्या व मान्यता पावलेल्या व्हिडिओ खेळाची मूळ रचना कायम ठेवून त्यातील चित्रे, ध्वनी व इतर तांत्रिक अंगे नव्या यंत्रसामग्रीला अनुरूप करून घेण्याच्या प्रक्रियेस पुनःसंस्करण म्हणतात. खेळाडूंमध्ये ते ‘रीमास्टर’ या नावाने परिचित आहे. मूळ रचना बाजूला ठेवून सर्व खेळ नव्याने बांधला, तर त्यास पुनर्निर्मिती किंवा ‘रीमेक’ ही संज्ञा लावतात. तथापि व्यवहारात या दोहोंमधील सीमारेषा नेहमीच स्पष्ट असते असे नाही. ज्या नेमबाजीच्या खेळांत पात्राच्या डोळ्यांना दिसणारे दृश्यच पडद्यावर उमटते आणि पडद्याच्या खालच्या कडेस त्याच्या हातातील शस्त्र तेवढे दिसते, त्यांना ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. या प्रकारात खेळाडूचा डोळा, हात आणि पडद्यावरील हालचाल यांचा संबंध फार निकटचा असतो. त्यामुळे वेग, प्रकाश किंवा उडीची उंची यांतील अल्पसा फरकही सराईत खेळाडूस तत्काळ जाणवतो. पुनःसंस्करणाविषयीचे मतभेद या प्रकारात विशेष तीव्र का होतात, याचे एक कारण हे होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या प्रकाराला लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय मुख्यत्वे अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेकडे जाते. तिचे ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ (१९९२) व ‘डूम’ (१९९३) हे खेळ अल्पावधीत जगभर पसरले. डूममधील दालने वरवर त्रिमितीय दिसत. परंतु त्यांचा आराखडा सपाट नकाशावर आधारलेला असल्यामुळे एका दालनाच्या माथ्यावर दुसरे दालन रचता येत नसे आणि शत्रूही सपाट चित्रांच्या स्वरूपात असत. ही मर्यादा ‘क्वेक’ (२२ जून १९९६) या खेळाने ओलांडली. जॉन कारमॅक, मायकेल अब्राश, जॉन रोमेरो, सँडी पीटरसन, अमेरिकन मॅगी इत्यादींचा त्याच्या घडणीत वाटा होता. त्यातील वास्तू व पात्रे बहुभुजांपासून घडविलेली असून ती खऱ्या अर्थाने त्रिमितीय होती. छायाप्रकाशाचे गणित खेळ तयार करतानाच करून ठेवलेले असे. केवळ २५६ रंगांच्या मर्यादेत तपकिरी व करड्या छटांवर भर दिल्यामुळे खेळाला एक उदास, कोंदट वातावरण लाभले. त्याला ट्रेंट रेझ्नर व त्याच्या नाइन इंच नेल्स या वाद्यवृंदाच्या संगीताची जोड मिळाली.

क्वेकचे महत्त्व केवळ दृश्यापुरते नव्हते. आंतरजालावरून दूरदूरच्या खेळाडूंना परस्परांशी खेळता यावे, अशी सोय त्यात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’ या सुधारणेने संथ दूरध्वनिजोडणीवरही हा खेळ सुसह्य केला. १९९७ मध्ये झालेल्या ‘रेड ॲनिहिलेशन’ या स्पर्धेत विजेत्या खेळाडूला कारमॅकची फेरारी मोटारगाडी बक्षीस मिळाली. व्हिडिओ खेळांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या आरंभकाळातील ही एक ठळक घटना मानली जाते. स्फोटाच्या धक्क्याने उंच उडणे, उड्यांच्या मालिकेतून वेग वाढवीत नेणे यांसारख्या युक्त्यांत खेळाडूंनी प्रावीण्य मिळविले. त्यांपैकी काही तर रचनाकारांनी योजिलेल्याही नव्हत्या. अल्पतम वेळात खेळ पूर्ण करण्याच्या चढाओढीलाही याच काळात बहर आला. १९९९ मध्ये खेळाची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली करण्यात आली. तेव्हापासून हौशी आज्ञावलीकारांनी नव्या संगणकांवर चालतील अशा तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या सिद्ध केल्या. अधिकृत पुनःसंस्करण होण्यापूर्वीच खेळाडूंनी आपल्या परीने हे कार्य चालविले होते, ही गोष्ट पुढील मतभेद समजून घेण्यास उपयुक्त आहे.

क्वेकचे पुनःसंस्करण : खेळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची पुनःसंस्कारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. हे काम नाइटडाइव्ह स्टुडिओज या संस्थेकडे सोपविण्यात आले होते. २०१२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जुने, बाजारातून नाहीसे झालेले खेळ पुन्हा उपलब्ध करून देण्याबद्दल ख्यातनाम आहे. ‘सिस्टिम शॉक २’ हा जुना खेळ विकत मिळेना, या अनुभवातूनच तिच्या कार्याला प्रारंभ झाला. क्वेकच्या नव्या आवृत्तीत रुंद पडद्याची व उच्च स्पष्टतेची सोय करण्यात आली. पात्रांच्या आकृती अधिक रेखीव करण्यात आल्या आणि हलत्या सावल्यांची भर घालण्यात आली. १९९७ मधील दोन्ही पुरवण्या व नंतरच्या काळातील नवे टप्पे तिच्यासोबत देण्यात आले. भिन्न भिन्न यंत्रांवरील खेळाडूंना एकत्र खेळता येईल अशी व्यवस्था झाली. ज्यांच्याजवळ संगणकावरील मूळ खेळ होता, त्यांना ही आवृत्ती विनामूल्य मिळाली व मूळ खेळही त्यांच्याकडे कायम राहिला.

या आवृत्तीचे खेळाडूंनी सर्वसाधारणपणे स्वागत केले. विशेष समाधान व्यक्त झाले ते संगीताविषयी. मूळ खेळातील संगीत तबकडीवर ध्वनिमुद्रिकेप्रमाणे स्वतंत्र नोंदलेले असल्यामुळे, पुढे आंतरजालावरून विकल्या गेलेल्या प्रतींत ते आढळत नसे. अनेक तरुण खेळाडूंना क्वेक हा जवळजवळ निःशब्द खेळ म्हणूनच माहीत झाला होता. नव्या आवृत्तीने ही उणीव भरून काढली. नव्या आकृती व सावल्या ज्यांना रुचल्या नाहीत, त्यांना त्या बंद करून जुने रूप पाहता येत असे. या तरतुदीचीही प्रशंसा झाली.

आक्षेपही घेण्यात आले. त्यांतील एक चित्रांच्या पोताविषयी आहे. जुन्या खेळातील चौकोनी, ठळक चित्रबिंदू मऊ करून दाखविल्यास दृश्य स्वच्छ होते, परंतु दगडी भिंतींचा खडबडीतपणा लोपतो, असे जुन्या खेळाडूंतील एका गटाचे मत आहे. हा वाद नवा नाही. १९९७ मध्ये चित्रगतिवर्धक यंत्रांसाठी काढलेल्या आवृत्तीपासूनच तो चालत आलेला आहे. दुसरा आक्षेप हालचालीविषयी होता. हौशी आज्ञावलीकारांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून सिद्ध केलेल्या आवृत्त्यांची ज्यांना सवय झाली होती, अशा स्पर्धक खेळाडूंपैकी अनेकांनी आपल्या जुन्या आवृत्त्याच वापरणे पसंत केले. इतरांबरोबर खेळण्यासाठी प्रकाशकाकडे स्वतंत्र खाते उघडण्याची अटही अनेकांना जाचक वाटली. उलटपक्षी, प्रथमच क्वेक खेळणाऱ्या तरुण वर्गाला जुळवाजुळवीची खटपट न करता खेळ सुरू होतो, हाच मोठा लाभ वाटला. म्हणजेच एकाच आवृत्तीकडे जुने खेळाडू स्मृतीच्या कसोटीवर पाहत होते व नवे सोयीच्या.

इतर उदाहरणे : ‘हेलो’ (२००१) या खेळाची दशकपूर्ती आवृत्ती २०११ मध्ये निघाली. तीत खेळ चालू असताना एक कळ दाबून जुने व नवे दृश्य आलटून पालटून पाहता येई. या सोयीमुळे तुलना करणे प्रत्येकाला सुलभ झाले. आणि नवी चित्रे अधिक तपशीलवार असली, तरी वाढलेल्या उजेडामुळे दलदलीच्या प्रसंगातील भय उणावले, अशी टीका पुढे आली. अंधार हा मूळ यंत्राच्या दुर्बलतेतून आलेला असला, तरी कालांतराने तो कलाकृतीचा भाग बनतो, असा या टीकेचा आशय होता. ‘एक्सआयआयआय’ (२००३) या चित्रकथेच्या धाटणीच्या खेळाची २०२० मधील पुनर्निर्मिती तर दोषांमुळे इतकी अप्रिय ठरली, की प्रकाशकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली व २०२२ मध्ये दुसऱ्या संस्थेकडून ती सुधारून घ्यावी लागली.

महाराष्ट्रातील व भारतातील खेळाडूंना अधिक जवळचे उदाहरण ‘काउंटर-स्ट्राइक’चे आहे. क्वेकच्या आज्ञावलीत फेरफार करून ‘हाफ-लाइफ’ (१९९८) हा खेळ बनविण्यात आला आणि मिन ली व जेस क्लिफ या दोन हौशी रचनाकारांनी १९९९ मध्ये त्यावर काउंटर-स्ट्राइक उभारला. २००३ मधील त्याची १.६ ही आवृत्ती साध्या संगणकावरही सुरळीत चालत असे. भारतात घरोघरी संगणक व वेगवान आंतरजाल पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतील सायबर कॅफे ही तरुणांची खेळण्याची प्रमुख स्थाने होती. तासाच्या हिशेबाने पैसे मोजून, एकाच खोलीतील परस्परांना जोडलेल्या संगणकांवर दोन तट पाडून हा खेळ खेळला जाई. २००४ मध्ये सुधारित चित्रांची ‘सोर्स’ ही आवृत्ती निघाली, तेव्हा बंदुकीचा झटका व पात्रांची चाल बदलल्याची तक्रार करून जगभरातील असंख्य खेळाडू १.६ लाच चिकटून राहिले. भारतात या निवडीला आर्थिक कारणाचीही जोड होती. नव्या आवृत्तीसाठी अधिक समर्थ संगणक लागत आणि कॅफेचालकांना सर्व यंत्रे बदलणे परवडणारे नव्हते. अशा रीतीने जुन्या आवृत्तीवरील निष्ठा ही काही अंशी आवड, तर काही अंशी गरज होती. पुढे स्वस्त मोबाइल संच व आंतरजाल यांच्या प्रसारानंतर कॅफेंचे महत्त्व ओसरले आणि तरुण खेळाडू बहुसंख्येने मोबाइलवरील खेळांकडे वळले.

जतनाचा प्रश्न : सोर्स आवृत्ती निघाली तरी १.६ नाहीशी झाली नव्हती. निवड खेळाडूंच्या हाती होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आली, तेव्हा मात्र तिने २०१२ पासून चालत आलेल्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या आवृत्तीची जागाच घेतली. खेळण्याचे काही प्रकार प्रारंभी वगळले गेले, मॅक संगणकांसाठीचे साहाय्य थांबले आणि जुन्या आवृत्तीतील अधिकृत सामन्यांची सोय संपुष्टात आली. प्रकाशकाच्या दृष्टीने सर्व खेळाडू एकाच आवृत्तीत एकत्र ठेवणे सोयीचे व कमी खर्चाचे असते, हे खरे. तथापि ज्यांनी पैसा व वर्षे खर्च करून एका विशिष्ट खेळात प्रावीण्य मिळविले, त्यांचा तो खेळच या मार्गाने नाहीसा होऊ शकतो. छापील पुस्तकाची नवी आवृत्ती निघाल्याने वाचकाच्या कपाटातील जुनी प्रत अदृश्य होत नाही. आंतरजालावर अवलंबून असलेल्या खेळाबाबत ती होऊ शकते.

हा प्रश्न केवळ खेळाडूंच्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सु. ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नव्हते. या परिस्थितीत पुनःसंस्करण हे जतनाचे एक साधन ठरते. परंतु जे खेळ विकले जाण्याचा संभव असतो, त्यांच्याच वाट्याला ते येते. शिवाय पुनःसंस्कारित आवृत्ती ही मूळ कृतीची जागा घेऊ शकत नाही.

जुन्या कृतीच्या नव्या आवृत्तीने असा पेच निर्माण होण्याचे उदाहरण नाशिकच्या सांस्कृतिक इतिहासातही आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फाळके यांनी आपले चित्रनिर्मितीचे काम नाशिकला हलविले आणि १९१७ मध्ये हेच कथानक ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केले. आज उपलब्ध असलेली रिळे १९१३ च्या चित्रपटाची की १९१७ च्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद असून, ती नंतरच्या चित्रपटाची असावीत असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. पहिल्या कृतीची निर्विवाद प्रत हाती नसल्यामुळे, पुन्हा चित्रित करताना फाळके यांनी काय बदलले व काय तसेच ठेवले, हे खात्रीने सांगणे कठीण झाले आहे. मूक चित्रपटांच्या जतनाकडे त्यांच्या लोकप्रियतेच्या काळी कोणी विशेष लक्ष दिले नव्हते. करमणुकीची वस्तू पुढे इतिहासाचे साधन ठरेल, ही कल्पना तेव्हा रूढ नव्हती.

व्हिडिओ खेळांच्या बाबतीत ही जाणीव तुलनेने लवकर झाली असून, तिचे बरेचसे श्रेय खेळाडूंच्या चोखंदळ, प्रसंगी हट्टी वाटणाऱ्या मतांकडे जाते. भिंतीचा पोत, सावलीची गडदता, उडीचा वेग यांबद्दलचे त्यांचे आग्रह बाहेरच्याला क्षुल्लक वाटतात. परंतु मूळ खेळ कसा होता, याची सूक्ष्म नोंद त्यांच्यातूनच टिकून राहिली आहे. क्वेकच्या पुनःसंस्करणात जुने रूप परत आणण्याची सोय व मूळ खेळ या दोन्ही गोष्टी राखल्या गेल्या, म्हणून तेथे मतभेदांना कटुता आली नाही. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीशेजारी उभी राहिली, तर मतभेद हे रसिकतेचे लक्षण ठरतात. ती जुनीला हटवून आली, तर त्यांचे रूपांतर हानीच्या तक्रारीत होते, असे आतापर्यंतच्या उदाहरणांवरून दिसून येते.