चाकावांचून चाललेली वाट

(नभोवाणीवरील भाषण)

सह्याद्रीच्या माथ्यावरची एक जुनी वाट मीं गेल्या मार्गशीर्षांत सायकलीवरून पाहिली. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. जुन्नरहून पश्चिमेस सुमारें ३० किलोमीटर गेलें कीं रस्ता डोंगराच्या कड्यापाशीं संपतो. त्या ठिकाणचें नांव नाणेघाट. पावसाळ्यांत सुटीच्या दिवशीं तेथें मोटारींची दाटी होते. परंतु हिंवाळ्यांतल्या एखाद्या मधल्या वारीं पहाटे निघालें, तर बराच वेळ आपल्याच सायकलीच्या सांखळीचा आवाज तेवढा सोबतीला असतो. साठी उलटलेल्या मनुष्यानें चढावर सायकल हांकावी याचें कोणास हसूं येईल. पण मोटारींत बसलेल्याला चढ कळत नाहीं, आणि चढ कळल्यावांचून घाटाचा इतिहास कळत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

आरंभ जुन्नरांतच करावा. एका बाजूस शिवछत्रपतींचें जन्मस्थान शिवनेरी, उत्तरेस लेण्याद्रि, दक्षिणेस मानमोडी; गांवाभोंवतालच्या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. इतकीं लेणीं येथेंच कां असावीं? खडक कोरावयास पैसा लागतो, आणि तो कोणाचा होता हें लेण्यांतील लेखच सांगतात. एक लेणें, त्यांतील सात खोल्या व पाण्याचें टांकें, हें धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचें दान आहे. कांहीं दानें यवनांचीं, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांचीं आहेत. मानमोडीवरील एक लेख महाक्षत्रप नहपान याच्या अयम नांवाच्या अमात्याचा आहे. वाणी, यवन आणि क्षत्रपाचा अमात्य या तिघांना एका गांवीं आणणारी वस्तु एकच. ती म्हणजे ही वाट.

आपटाळें मागें पडलें कीं शेतें विरळ होतात आणि झाडी दाट होऊं लागते. माणिकडोह धरणाचें पाणी मधूनमधून चमकतें. पुढें चावंडचा किल्ला, आणि थोडें आड वळून पूर या गांवीं कुकडी नदीच्या उगमाजवळचें कुकडेश्वराचें कोरीव मंदिर लागतें. या रानांत जांभूळ आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत. पण येथील खरें धन म्हणजे हिरडा. या भागांतील महादेव कोळी समाजाचीं कित्येक घरें हिरडा वेंचून संसाराला हातभार लावतात. सावलींतून जाणाऱ्या या रस्त्याचा चढ बेताचा आहे. मला दोनच ठिकाणीं उतरून चालावें लागलें. शेवटीं घाटघरपाशीं जीवधनचा कडा समोर उभा राहतो. शिवनेरी, चावंड, जीवधन हे किल्ले एकापुढें एक उभे आहेत ते उगाच नव्हेत. ज्याच्या हातीं वाट, त्याच्या हातीं जकात, हें प्रत्येक राजवटीला ठाऊक होतें.

माथ्यावर शेळ्या राखणारा एक तरुण बसला होता. माझ्या सायकलीकडे पाहून तो म्हणाला, “बाबा, गाडी हितंच ठेवा. हा घाट चाकाचा नाय, पायाचा हाय.” त्यानें सहज उच्चारलेल्या या वाक्यांत नाणेघाटाचा पुष्कळसा इतिहास आला आहे. पुढें खडकांतून एक अरुंद नळी कोंकणांत उतरते. तींत दगड बसवून पायऱ्या केल्या आहेत. तेथून गाडी जाणें शक्य नव्हतें. जें कांहीं चढलें तें बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून चढलें.

थोडें खालीं उतरतांच एक चौकोनी दालन लागतें. भिंतीलगत दगडी बांक आहेत. हें देवालय नव्हे, भिक्षूंचा विहारही नव्हे; ओझें उतरून वाटसरूनें पाठ टेंकावी अशी ही जागा. मागच्या भिंतीवर सातवाहन कुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आतां पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि त्यांवर नांवें: सिमुक, देवी नागनिका, राजा श्रीसातकर्णि, महारठी त्रणकयिर, आणि कुमार. बाजूच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपींतील व प्राकृत भाषेंतील मोठा लेख आहे. तो बहुतेक विद्वानांच्या मतें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील असून नागनिकेचा मानला जातो. पतीच्या मागें व्रतस्थ राहून राज्य सांभाळणाऱ्या या राणीनें येथें अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब कोरविला आहे. आरंभीं ज्या देवतांना वंदन आहे, त्यांत संकर्षण व वासुदेव यांचीं नांवें आहेत. घराण्याचा हा लौकिक राजधानींत न कोरतां घाटाच्या तोंडाशीं कां कोरावा? कारण उघड आहे. राजवाड्यांत येत नाहींत असे लोक येथून जात होते.

इ.स. १८२८ त विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हा लेख पडला, तेव्हां तो वाचूं शकणारा एकही मनुष्य पृथ्वीवर नव्हता. जेम्स प्रिन्सेपनें १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपि उलगडली, आणि पुढें भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनीं या लेखाचा अभ्यास केला. मी जन्मभर मुलांना अंक शिकविले, म्हणून माझी दृष्टि यांतील आंकड्यांवर खिळली. भारतांतील अतिप्राचीन अंकांपैकीं हे आहेत. एकासाठीं एक आडवी रेघ, दोनासाठीं दोन. दहा, शंभर, हजार यांना निरनिराळीं चिन्हें आहेत. शून्य नाहीं, स्थानाची किंमतही नाहीं. चारशें लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचें चिन्ह जोडावयाचें. जो अंक आज बालवाडींतलें मूल गिरवितें, त्याच्या पूर्वजांसमोर मी उभा होतों.

वर माथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. जकातीवरून भांडणें झालीं असावींत असें मानावयास जागा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत कल्याणचा व्यापार अडविला गेल्याचा उल्लेख असून, तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेत असें म्हटलें आहे. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप मारलेला आहे. 

अशी ही वाट मग निवांत कां झाली? तिला कोणा शत्रूनें बुजविलें नाहीं. १८१८ त हे किल्ले इंग्रजांकडे गेले. १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ त त्याच घाटांतून आगगाडी वर आली. माल चाकावर चढला, आणि जेथें चाक चढूं शकत नव्हतें ती वाट मागें पडली. मुंबई मोठी होत गेली, आणि जुन्नरचें महत्त्व त्या मानानें उणें झालें.

या उपेक्षेचा एक उपकार मात्र झाला. रहदारी दुसरीकडे गेल्यामुळें नळी कोणीं सुरुंग लावून रुंद केली नाहीं, दालन फोडलें नाहीं. पाऊस व वारा यांनीं अक्षरें झिजविलीं तेवढींच. आतां डांबरी रस्ता माथ्यापर्यंत आला आहे आणि त्या रस्त्यानें आपण येत आहों, मीही आलोंच. दालनाबाहेरच्या खडकावर कोणीं टोंकदार दगडानें आपलीं नांवें ओरखडलेलीं मीं पाहिलीं, तेव्हां मन खिन्न झालें. दोन हजार वर्षें ज्यांनीं ओझीं वाहिलीं, त्या हमालांपैकीं एकाचेंही नांव या भिंतीवर नाहीं. त्यांच्या टांचांनीं गुळगुळीत झालेल्या पायऱ्या हीच त्यांची सही. घटकाभर येऊन जाणाऱ्यांनीं त्यांच्याहून मोठा हक्क सांगूं नये.

उन्हें कलतांना मीं माथ्यावर ठेवलेली सायकल घेतली. परतीला उतार होता. झाडांच्या सांवल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. एक रेघ, मग दोन, मग पुढें मोजतां येईनात इतक्या.