कुठपर्यंत ठीक आहे? बंद यंत्रापुढच्या एका प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की ज्याने जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं त्याने लॅपटॉप सुरू होत नाही यावर काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. सोल्डरिंग कसं करावं हे मी सांगणार नाही. पण बटण दाबूनही यंत्र हूं की चूं करत नाही, तेव्हा त्याच्यापुढे बसलेला माणूस कार्यावरून कारणाकडे जाण्याचा प्रयत्न करत असतो. हे अनुमान आहे, आणि अनुमान हा आमच्या शास्त्राचा जुना विषय. शिवाय या विशिष्ट अनुमानाला, म्हणजे विजेच्या यंत्रातला दोष शोधण्याला, दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात बघू.

सुरुवातीला एक भेद लक्षात घ्या. बंद यंत्रापुढे आपण सहसा विचारतो, "काय बिघडलं?" या प्रश्नाला पन्नास उत्तरं असतात. चार्जर, बॅटरी, मदरबोर्ड, रॅम, स्क्रीन, आणि कुणीतरी हमखास सांगतो "व्हायरस". दुसरा प्रश्न असा, "कुठपर्यंत ठीक आहे?" याचं उत्तर मोजता येतं, निदान तपासता येतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की दोष शोधण्याचा इतिहास म्हणजे माणूस पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्या प्रश्नाकडे कसा आला त्याचा इतिहास.

समुद्राच्या तळाशी

सुरुवात १८५८ पासून करू. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार पहिल्यांदा बोलू लागली. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना संदेश गेला. शब्द ९८, आणि तो पोचायला लागले सुमारे १६ तास. तरीही जल्लोष झाला, कारण एरवी पत्राला बोटीने दहाबारा दिवस लागत. पण संकेत आधीपासूनच क्षीण होते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तार मुकी झाली.

आता बघा, यंत्र दोन हजार मैल लांब आणि दोन मैल खोल पाण्यात. उघडून बघायची सोयच नाही. अशा वेळी काय करायचं?

कंपनीचे विद्युत-अधिकारी होते वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळचे शल्यवैद्य. संकेत क्षीण येतो आहे, तर जोर वाढवा, असा त्यांचा विचार. त्यांनी मोठमोठी इंडक्शन कॉइल्स लावून सुमारे २,००० व्होल्टचे झटके त्या तारेत सोडले. तार मुळातच सदोष होती. बनवताना आणि साठवताना तिची आबाळ झाली होती, गटापर्चाचं आवरण ठिकठिकाणी कच्चं होतं. जिथे आवरण कच्चं, तिथे या झटक्यांनी ते आणखी खराब झालं. पुढे ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १८६१ मध्ये आला, आणि व्हाइटहाउस यांच्या पद्धतीवर ठपका आला.

दुसऱ्या बाजूला होते ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन. त्यांनी जोर वाढवण्याऐवजी ऐकण्याची शक्ती वाढवली. त्यांच्या गॅल्व्हनोमीटरमध्ये एक चिमुकला आरसा असे. अगदी थोडा प्रवाह आला तरी आरसा हलायचा आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकायचा.

याच काळात इंजिनिअर मंडळी एका टोकाला बसून दोषाची जागा काढू लागली. तर्क सोपा आहे. तारेचा दर मैलाला रोध किती, हे माहीत असतं. आवरण फाटलं असेल तिथून वीज समुद्रात उतरते. म्हणजे टोकावरून मोजलेला रोध तारेच्या तेवढ्याच लांबीचा असणार. भागाकार केला की कळतं, दोष अमुक मैलांच्या आसपास. खुद्द फाटलेल्या जागेलाही काही रोध असतो, त्यामुळे आकडा जास्त येतो. म्हणून शक्य असेल तर दोन्ही टोकांकडून मोजायचं. त्यांचा प्रश्न कुठला होता, लक्षात आलं ना? तार काय बिघडली हा नव्हे. तार किती मैलांपर्यंत ठीक आहे, हा.

१८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टिकाऊ तार टाकली. १८७० मध्ये याच जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली, आणि आपली मुंबई समुद्रातून लंडनला जोडली गेली.

शेषवत्

इथे थोडं आमच्या शास्त्राकडे वळतो. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. आपल्याला हवा तो मधला. वात्स्यायन आपल्या भाष्यात 'शेषवत्'चे दोन अर्थ देतो. पहिला, कार्यावरून कारणाचं अनुमान. नदीला पूर आला, पाण्याला ओढ आली, त्यावरून वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. दुसरा अर्थ, शक्यता एकेक करून बाद करायच्या आणि जो शेष राहील तो स्वीकारायचा.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे, यावर विद्यार्थी नेहमी अडतात. मला वाटतं, बंद यंत्रापुढे बसल्यावर ते सहज कळतं. 'स्क्रीन काळी आहे' या कार्याची कारणं अनेक. कार्यावरून कारणाकडे सरळ उडी मारता येत नाही, बाकीच्या शक्यता बाद कराव्याच लागतात. पहिला अर्थ दुसऱ्याशिवाय पुरा होत नाही.

एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हाच विचार पद्धतींच्या रूपाने मांडला. त्यातली भेदाची पद्धत सांगते, की दोन प्रसंग सगळ्या बाबतींत सारखे ठेवा, फक्त एक गोष्ट बदला. परिणाम बदलला, तर कारण त्या एका गोष्टीत आहे. आपल्याकडचा अन्वय-व्यतिरेक याच्या जवळचा. आणि म्हणूनच एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत. चार्जरही बदलला, बॅटरीही काढली आणि यंत्र सुरू झालं, तर आनंद होईल, पण ज्ञान होणार नाही.

ट्यूब आणि पतंग

आता संगणकाकडे येऊ. १९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'एनिअ‍ॅक' लोकांपुढे आला. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या बहुधा यंत्र चालू-बंद करताना जात, कारण तापण्या-थंडावण्याचा ताण. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरलं. तरी दर एकदोन दिवसांनी एखादी ट्यूब जायचीच. अठरा हजारांतली एक शोधायची कशी?

या यंत्राची पहिली प्रोग्रॅमर मंडळी म्हणजे सहा तरुणी: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांना शिकवायला पुस्तक नव्हतं. मंडलांचे नकाशे हातात दिले आणि सांगितलं, यावरून यंत्र समजून घ्या. त्यांनी ते इतकं समजून घेतलं, की बिघाड कुठल्या ट्यूबपाशी आहे इथपर्यंत त्या पोचू शकत. उत्तर ठाऊक असलेलं गणित घालायचं, ते टप्प्याटप्प्याने चालवायचं, आणि आकडा कुठे चुकू लागतो ते बघायचं. पुन्हा तोच प्रश्न, कुठपर्यंत ठीक आहे?

इथे एक प्रचलित गोष्ट दुरुस्त करायला हवी. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' यंत्रातल्या एका रिलेमध्ये पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरं. पण 'बग' हा शब्द त्यातून जन्मला, हे खरं नाही. एडिसन तो शब्द यंत्रातल्या दोषासाठी १८७० च्या दशकातच वापरत होता. किंबहुना शब्द आधी रूढ होता म्हणूनच त्या नोंदीत विनोद आहे. ग्रेस हॉपर ही गोष्ट रंगवून सांगत, पण पतंग त्यांनी स्वतः शोधला नव्हता.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तरुण मंडळींनी स्वतः संगणक बांधला. तो १९६० मध्ये कामाला लागला, पुढे त्याचं नाव 'टिफ्रॅक' झालं. ज्यांनी बांधला, तेच त्याचे दुरुस्तीवाले. बांधणारा आणि दोष शोधणारा यांच्यात तेव्हा अंतर नव्हतं.

यंत्र स्वतः सांगू लागलं

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. बटण दाबल्यावर तो आधी स्वतःलाच तपासायचा: प्रोसेसर, कायमची स्मृती, रॅम, कीबोर्ड. सगळं ठीक असेल तर एकच छोटा 'बीप'. नसेल तर आवाजांचा वेगळा क्रम. स्क्रीनच बंद असेल तर यंत्र सांगणार कसं? म्हणून आवाज. आणि आयबीएमने तांत्रिक पुस्तिका विक्रीला ठेवली होती, तिच्यात मंडलांचे नकाशे आणि बायॉसचा संपूर्ण मजकूरही होता. ज्याला शिकायचंय त्याने शिकावं.

आपल्या टेबलावरचं यंत्र

आता तुमचा लॅपटॉप घ्या. वीज भिंतीपासून स्क्रीनपर्यंत एका वाटेने जाते. त्या वाटेवर ठाणी आहेत.

पहिलं ठाणं भिंतीवरचं. त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा. दुसरं, चार्जर. त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा चार्जर मिळाला तर लावा. आकडे लेबलावर छापलेले असतात, ते जुळवा.

तिसरं, बॅटरी. ती बाहेर निघणारी असेल तर काढा आणि नुसत्या चार्जरवर सुरू करून बघा. सुरू झाला तर दोष बॅटरीकडे.

चौथं ठाणं दिसत नाही. लॅपटॉप 'बंद' असतानाही आत एक छोटा कंट्रोलर जागा असतो, बटणाकडे लक्ष ठेवून. कधीकधी तोच गोंधळतो. चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरी काढा, आणि बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते आणि तो नव्याने सुरू होतो. सेकंदांचा आकडा कंपनीगणिक थोडा बदलतो.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? मग 'कॅप्स लॉक'चा दिवा बदलतो का ते बघा. बदलत असेल तर यंत्र बहुधा चालू आहे, तुम्हाला फक्त दिसत नाही. स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अंधूक चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेला आहे. टीव्हीला जोडून बघा. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर मोजून लिहून ठेवा, ते आयबीएमच्या 'बीप'चंच वंशज आहे. आणि कंपनीचं चिन्ह येऊन यंत्र थबकत असेल, तर वीज आणि बोर्ड बरेचसे ठीक आहेत. अडचण बहुधा डिस्ककडे किंवा सिस्टिममध्ये.

पण थांबायचं कुठे, तेही सांगतो. बॅटरी फुगलेली, जळका वास, आत पाणी गेलेलं: यांपैकी काहीही असेल तर बटण पुन्हा दाबायचं नाही, चार्जर लावायचा नाही, फुगलेली बॅटरी दाबायची-टोचायची नाही. तिथे पुन्हा पुन्हा बटण दाबणं म्हणजे व्हाइटहाउसचे झटके. उपाय म्हणून केलेली गोष्ट पुरावाही नष्ट करते आणि उरलेलं यंत्रही.

खिडक्या

एवढा खटाटोप कशासाठी? कारण त्या डब्यात कुणाचा प्रबंध असतो, कुणाचे फोटो, कुणाच्या छोट्या धंद्याचा हिशेब. दुकानात "मदरबोर्ड गेला" असं ऐकल्यावर माणूस नवा घेतो, आणि पुष्कळदा जुन्यातल्या मजकुरावर पाणी सोडतो. वास्तविक बोर्ड गेला तरी डिस्क शाबूत असू शकते. तेव्हा विचारा: काय मोजलंत? कुठपर्यंत वीज येते? डिस्क वेगळी काढून तपासली का? एक सूचना. बऱ्याच लॅपटॉपवर मजकूर कूटबद्ध असतो. बिटलॉकर असेल तर डिस्क दुसरीकडे लावल्यावर 'रिकव्हरी की' मागितली जाते. ती यंत्र ठणठणीत असतानाच शोधून वहीत लिहून ठेवा.

मला काळजी वाटते ती अशी. आपला प्रश्न विचारायला मोजायच्या जागा लागतात, खिडक्या लागतात. एनिअ‍ॅकवर हजारो दिवे होते, पीसीबरोबर नकाशे होते. आज बॅटरी गोंदाने चिकटवलेली, रॅम आणि कित्येकदा डिस्कही बोर्डावर सोल्डर केलेली, नकाशे गुप्त. यंत्र पातळ झालं, हलकं झालं, हा फायदा खराच. पण त्याबरोबर 'हे मेलं' असं ठरवण्याचा अधिकार आपल्या हातून गेला. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक छापणं सक्तीचं केलं. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम लागू व्हायचा आहे. मी याला ग्राहकाच्या हक्कापेक्षा थोडं मोठं समजतो. हा आपल्या वस्तूविषयी अनुमान करण्याचा हक्क आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, शेषवत् पद्धतीने सगळं बाद केलं आणि तरी काही उरलंच नाही तर?

उत्तर: मग दोनपैकी एक. एकतर एखादी तपासणी खोटी होती, म्हणजे 'चांगला' म्हणून आणलेला चार्जरच बिघडलेला. किंवा आपली शक्यतांची यादी अपुरी होती. परिशेषाचं अनुमान यादीइतकंच पक्कं असतं. अशा वेळी पुढे धावायचं नाही. जिथपर्यंत नक्की ठीक आहे अशी खात्री आहे, त्या शेवटच्या ठाण्यावर परत यायचं आणि तिथून पुन्हा मोजायला लागायचं.

वेळ झाली आहे. थांबतो.